पिंजणानं राखलेली कुल्फी

मी एक जुनं पिंजण आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. नऊ वर्षं मी एका खुंटीवर लटकत होतो आणि गेली तीनेक वर्षं माझ्यावर एका पोराचं दप्तर लटकत होतं. दप्तराच्या मागे कोण आहे, हे कोण कशाला विचारतो?

तर आधी ओळख. माझा दांडा सागवानी, उंच माणसाएवढा लांब. एका टोकाला रुंद फळी, दुसऱ्या टोकाला वाकडा खुंट, आणि दोघांच्या मध्ये ताणलेली तात. तात म्हणजे आतड्यापासून वळलेली चिवट दोरी. मला छताला टांगायचं, तात कापसाच्या ढिगात टेकवायची आणि लाकडी मुठियानं तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, दबून बसलेल्या कापसाच्या गुठळ्या सुटतात आणि त्याचा तंतू न् तंतू मोकळा होऊन उडतो. याला पिंजणं म्हणतात. गादीचा कापूस दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावा लागतो, नाहीतर तुम्ही गादीवर नाही, ढेकळांवर झोपता.

माझा जन्म अनसिंगच्या एका सुताराकडे झाला. रिसोडच्या एका पिंजाऱ्यानं मला आपल्या मुलासाठी करून घेतलं. त्या मुलाचं नाव बदरुद्दीन. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी त्याच्यापेक्षा हातभर उंच होतो. आता त्याची दाढी पांढरी झाली, तो दोन नातवंडांचा दादा झाला, पण मी त्याला बदरूच म्हणणार. उंचीनं मोठा असण्याचा तेवढा हक्क मला आहे.

बदरूच्या खांद्यावर बसून मी पुष्कळ गावं पाहिली. एसटीच्या टपावर मी आडवा आणि बदरू खाली खिडकीत, असा आमचा प्रवास असायचा. गावात शिरलं की तो तातीवर एक टिचकी मारायचा. तेवढी पुरे. घराघरांतून बायांचा आवाज यायचा, "पिंजारी आला वो, गाद्या काढा." दिवाळी सरून थंडी पडायला लागली की आम्हाला जेवायलाही फुरसत नसायची. रिसोडच्या कस्तुरचंद शेटजींच्या तारामतीबाई तर दुसऱ्या कोणाला आपल्या गादीला हात लावू देत नसत. गादी भरून झाली की त्या तिच्यावर तळहात फिरवून गुठळी शोधायच्या. इतक्या वर्षांत त्यांना एकही गुठळी सापडली नाही. हे मी फुशारकीनंच सांगतो आहे. का सांगू नये?

मग विजेवर चालणारी मशीन आली आणि तिनं आमचं अर्धं काम नेलं. उरलेलं अर्धं फोमच्या गाद्यांनी नेलं. एक दिवस तारामतीबाईंच्याच घरून आम्हाला निरोप आला की घरातल्या लग्नासाठी या वेळी गाद्या फोमच्या घेतल्या आहेत. कोणी वाईट बोललं नाही, उलट बदरूला बसवून चहा पाजला. पण घरी आल्यावर त्यानं माझी तात सैल केली, मला खुंटीला अडकवलं आणि नंतर मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार लागलं ते. भांडला असता तरी चाललं असतं.

बदरूचा मुलगा मुबश्शिर घरातच दुकान थाटून फोमच्या गाद्या विकायला लागला. माणूस कष्टाळू आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याला दुकान वाढवायचं होतं, नवं कपाट लावायचं होतं, आणि कपाटासाठी माझीच भिंत पाहिजे होती. या एप्रिलमध्ये तो जेवताना म्हणाला, "सोमला भंगारवाल्याले सांगून ठेवलं म्या. पुढच्या शुक्रवारी तो येईन अन् हे लाकूड घेऊन जाईन."

खाटेवर बसलेल्या बदरूनं भिंतीकडे तोंड केलं. त्याची नात फरहीन तेवढी म्हणाली, "कुठी नेईन तो, अब्बू?"

"नेईन कुठी बी. चुलीत जाईन, अजून काय."

मित्रांनो, माझ्यासारख्याला घाम येत नाही, नाहीतर त्या दिवशी आला असता.

त्याच आठवड्यात फरहीनच्या शाळेनं सुट्टीसाठी एक प्रकल्प दिला. ती सहावीत आहे. आपल्या आसपासच्या कोणाची तरी एक अडचण शोधायची आणि घरच्याच सामानातून ती सोडवणारी वस्तू करायची, असा तो प्रकल्प होता. फरहीननं आपल्या अम्मीचा, म्हणजे मेहरुन्निसाचा मोबाइल घेतला. तळहाताएवढी ती वस्तू, कोपऱ्यात काचेला तडा गेलेला. तिच्यात एक एआय आहे. त्याला काहीही विचारा, तो सांगतो. फरहीन त्याला म्हणाली, "माया प्रोजेक्ट करून दे." आणि त्यानं दिला की हो. तिनं डोळे मिटून उघडेपर्यंत चार पानं भरली. सूर्यचुलीची माहिती, आकृती, निष्कर्ष, आभारसुद्धा.

मी खुंटीवरून पाहत होतो आणि जळत होतो. मला एक गादी पिंजायला अर्धा दिवस लागायचा.

मेहरुन्निसा शिलाई मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवत होती. तिनं पानं वाचली आणि विचारलं, "कोनाचं हाय हे?"

"मायं."

"तुया हाताले तं काईच लागलं नाई. ना डिंक, ना शाई. हे त्याचं झालं बेटा. तुयं काय हाय याच्यात?"

फरहीनचं तोंड पडलं. मला वाटलं, आता मोबाइल कपाटात जाणार, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण मेहरुन्निसा मोठी हुशार बाई. तिनं मोबाइल तोंडाजवळ नेला आणि नव्या शेजाऱ्याला समजावून सांगावं तसं सांगितलं, "हे पाय भाऊ, माया पोरीले आयतं उत्तर देत जाऊ नको. तिले प्रश्न विचारत जा. अन् तिनं हातानं करून पायल्याशिवाय पुढचं सांगू नको."

"ठीक आहे," एआय म्हणाला. त्याचं मराठी रेडिओवरच्या बातम्यांचं. "फरहीन, तुझ्या घराजवळ कोणाला रोज कोणती अडचण येते?"

"मले येते," तिसरीतला उजैर, म्हणजे तिचा भाऊ, मध्येच म्हणाला. "रोज शाळेत जा लागते."

मेहरुन्निसानं त्याला एक टपली दिली. फरहीन मात्र विचार करत दारात गेली. समोर चतुराबाई ओट्यावर बसून आपला थर्माकोलचा डबा धूत होती. ती शेजारी राहते आणि एसटी स्टँडवर कुल्फ्या विकते. डब्याला दोन भेगा पडलेल्या, त्यांच्यावर चिकटपट्टी लावलेली.

"मावशी, तुमाले काय अडचन हाय?" फरहीननं सरळ विचारलं.

"अवो माय, एक हाय का?" चतुराबाई हसली. "तीन वाजले का कुल्फीचं दूध होते. अन् पोट्टे येतेत पाच वाजता, गावच्या गाड्या सुटाच्या टायमाले. गिऱ्हाईक हाय तं माल नाई. रोज उरलेलं दूध कुत्र्याले पाजून घरी येतो मी."

फरहीनला तिची अडचण सापडली. ती पळत आत आली आणि एआयला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "तुमच्या घरात कोणती वस्तू भरपूर आहे?"

हे विचारायलाच नको होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत पोती रचलेली होती. फोमची गादी घेताना लोक जुनी गादी देऊन जातात, तिच्यातला गुठळ्या-गुठळ्यांचा कापूस.

"कापूस," फरहीन म्हणाली.

"येडी हायस का?" उजैर म्हणाला. "रजईत गरम होते. कापसात बर्फ ठेवला तं अजून लवकर वितळून जाईन."

आता बघा, पिंजाऱ्याच्या घरातलं पोर ते. चार पिढ्या आम्ही लोकांना रजईत ऊब दिली. त्याचं म्हणणं मला तर अगदी पटलं. पण एआय त्याला चूकही म्हणाला नाही आणि बरोबरही म्हणाला नाही. तो म्हणाला, "उजैर, हे तपासून पाहता येईल का? कसं पाहशील?"

दोघांनी चतुराबाईकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. दोन वाट्यांत ठेवले. एक वाटी उघडी ठेवली, दुसरी बदरूच्या जुन्या रजईत गुंडाळली. तासाभरानं उघड्या वाटीत पाणी होतं. रजई उलगडली तर आतला बर्फ तसाच, कडा तेवढ्या गोल झालेल्या. उजैरनं बोट लावून पाहिलं, मग जीभ लावून पाहिली.

"रजई स्वतः गरम करत नाही," आता एआय म्हणाला. "ती बाहेरचं बाहेर आणि आतलं आत ठेवते."

खाटेवर बदरू भिंतीकडे तोंड करून पडला होता. पण त्याचे कान इकडेच होते, हे मला माहीत आहे. तो हळूच पुटपुटला, "जिंदगीभर रजया भरल्या म्या. हे मले मालूम नोतं."

मेहरुन्निसानं फरहीनला एक वही दिली आणि पानाच्या मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे लिहायचं, 'त्यानं सांगितलं.' उजवीकडे, 'आपण पाहिलं.' दोन्ही जुळलं नाही तर उजवीकडचं खरं धरायचं.

मग डबा तयार करायला घेतला. बाहेरून पत्र्याची जुनी पेटी, आत स्टीलचा डबा, दोघांच्या मधल्या जागेत कापूस. ओल लागून कापूस बसू नये म्हणून एआयनं विचारलं की पाणी अडवणारं काही मिळेल का, तर मुबश्शिरच्या फोमच्या गाद्यांवरचं प्लास्टिक निघालं. झाकण म्हणून मेहरुन्निसानं एक चौकोनी गादी शिवली, टाके घालून, अगदी खऱ्या गादीसारखी. एआय म्हणाला, "माझा अंदाज आहे की यात बर्फ तीन तास टिकेल." फरहीननं तो डावीकडे लिहून घेतला.

पण तीनच काय, दीड तासही धड टिकला नाही. अकराला ठेवलेला बर्फ साडेबारापर्यंत पाण्यात पोहायला लागला.

फरहीन पेटीजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसली. तिला शाळेच्या मार्कांचं दुःख नव्हतं. चतुराबाईला तिनं शब्द दिला होता.

चूक काय झाली ते मी वरून पाहिलं होतं, पण मला तोंड कुठे आहे? अहो, पिंजाऱ्याच्या लेकरांनी कापूस कसा भरावा? दादा भरायचे तसा. गादी कशी पाहिजे, ठोकून भरलेली, बसलं तर दबू नये अशी. उजैर त्या कापसावर उभा राहून नाचला होता आणि फरहीननं दांडक्यानं ठोकून ठोकून आणखी दोन पोत्यांचा कापूस त्यात बसवला होता. दुसऱ्या कोणाच्या घरी ही चूक झाली नसती. त्यांना एवढं घट्ट भरताच आलं नसतं.

"कापूस कसा भरला?" एआयनं विचारलं.

"कडक," उजैर अभिमानानं म्हणाला. "विटेवानी."

"एका हातात घट्ट कापूस घ्या, दुसऱ्या हातात मोकळा कापूस घ्या. काय फरक दिसतो?"

फरहीननं डोळे पुसले आणि दोन्ही मुठी पाहिल्या. "मोकळ्या कापसात जागा असते."

"त्या जागेत काय आहे?"

"काई नाई," उजैर म्हणाला.

फरहीननं मोकळ्या कापसाची मूठ आवळून पाहिली. मग म्हणाली, "हवा हाय. आपन सारी हवाच काढून टाकली."

"आणि बाहेरची उष्णता आत येऊ न देण्याचं काम बरंचसं त्या अडकलेल्या हवेचं असतं," एआय म्हणाला.

कळलं, पण कापूस मोकळा व्हायला पाहिजे ना. दोघं बोटांनी उकलायला बसली. दुपार गेली तरी एक उशी भरेल एवढाच निघाला. उजैरला घाई, त्यानं गुठळ्या मिक्सरमध्ये टाकल्या आणि बटण दाबलं. मिक्सरनं एकदा घरघर केली आणि मान टाकली. त्यानंतर मेहरुन्निसा जे बोलली, ते मी इथे सांगत नाही.

सोमवार संपत आला होता. शुक्रवारी सोमला येणार होता. फरहीन थकून एआयला म्हणाली, "आता तूच सांग काईतरी."

तो म्हणाला, "तुमच्याकडे पूर्वी कापूस मोकळा कोण करायचं आणि कशानं? घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहिलंस का?"

फरहीननं मान वर केली. मित्रांनो, नऊ वर्षांनंतर त्या घरातल्या कोणीतरी दप्तराच्या मागे पाहिलं. तिनं उजैरचं दप्तर काढून खाली ठेवलं आणि माझ्या दांड्यावरची धूळ ओढणीनं पुसली. मला काय वाटलं ते सांगायला माझ्या तातीला ताण नव्हता, ती सैल होती, नाहीतर आपोआप वाजली असती.

"दादा, हे कसं चालते?"

"बंद झालं ते," बदरू भिंतीकडे पाहतच म्हणाला.

"एकबार सांगा ना."

"म्हनलं ना बंद झालं म्हनून."

फरहीन रडकुंडीला आली. मेहरुन्निसानं तिला डोळ्यानं खुणावलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "दादाले नको तरास देऊ. तुया एआयभाईले विचार. त्याले सारं येते."

फरहीननं खाटेच्या अगदी जवळ उभं राहून विचारलं, "पिंजण कसं चालवतात?"

"पिंजणाची तार बोटांनी छेडून कापूस मोकळा करतात," एआय मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला.

खाट करकरली. बदरू उठून बसला होता. "बोटानं? बोटं तुटतीन त्याची! अन् तार म्हनते, तार. काय बी सांगून राह्यला हा. आन ते इकडे."

मित्रांनो, त्या मोबाइलवर मी आधी रागावलो होतो. पण त्या एका चुकीसाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. नऊ वर्षं ज्या माणसाला कोणाचं सांगणं उठवू शकलं नाही, त्याला एका चुकीच्या उत्तरानं ताडकन उभं केलं.

फरहीननं एआयला सांगितलं की तू चुकलास. तो म्हणाला, "चूक दाखवल्याबद्दल धन्यवाद. मला याची नीट माहिती नाही. आजोबा, खरी पद्धत तुम्ही सांगाल का?"

"आजोबा म्हनते मले," बदरू म्हणाला, आणि दाढीत हसला.

त्यानं खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला. त्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं तातीचं एक वेटोळं होतं. ठेवलीच होती म्हणजे त्यानं. त्यानं मला खाली घेतलं आणि तात चढवायला लागला. पीळ देत गेला, अंगठ्यानं वाजवून पाहत गेला, मान हलवत गेला. "अजून नाई. अजून नाई. हं." आवाज बरोबर झाला हे एआयनं नाही, बदरूच्या कानानं ठरवलं.

मंगळवारी सकाळी मागच्या खोलीच्या आढ्याला मला टांगलं. बदरूनं मुठिया उचलला आणि ठोका दिला. तुंई धप, तुंई धप. गल्लीत नऊ वर्षांनी तो आवाज गेला. चतुराबाई हातातलं भांडं घेऊन तशीच दारात येऊन उभी राहिली. ढेकळासारखा कापूस उडायला लागला, पडायला लागला, आणि गुडघ्याएवढ्या ढिगाचा छातीएवढा ढीग झाला. उजैर त्यात दोनदा हरवला.

मग बदरूनं मुठिया फरहीनच्या हातात दिला. आमच्यात बाया खोळी शिवतात, टाके घालतात, पण पिंजणाला हात लावत नाहीत. लावू नये असं कोणी सांगितलं नव्हतं, कोणी लावला नव्हता इतकंच. पहिल्या ठोक्याला सगळा कापूस तातीला गुंडाळला. दुसऱ्याला तेच. "मारू नको तिले," बदरू म्हणाला. "सांग तिले." विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला तात वाजली. मला कळलं, या हातांत गुण आहे.

तेवढ्यात मुबश्शिर बाहेरून आला. दुकानभर कापूस, नव्या फोमच्या गाद्यांवर कापूस, आणि बापाच्या दाढीतही कापूस. तो दारातच थांबला. "अब्बा, हे काय लावलं? शुक्रवारी सोमला येऊन राह्यला हाय."

मुठिया थांबला. फरहीन पुढे झाली. "अब्बू, शुक्रवारपर्यंत थांबा. यानं पिंजलेल्या कापसानं पाच वाजेपर्यंत कुल्फी राखली तं हे कुठी बी जाईन नाई."

"अन् नाई राखली तं?"

"तं मी माया हातानं उचलून सोमलाकाकाले देईन."

मुबश्शिरनं लेकीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. "ठीक हाय," तो म्हणाला. "पाच म्हंजे पाच."

मित्रांनो, कोणी मला विचारलं नाही. माझ्याच जिवाची पैज आणि मी आढ्याला टांगलेला.

बुधवार-गुरुवारी त्यांनी सगळा जुना कापूस उपसला आणि माझा मोकळा कापूस हलक्या हातानं भरला. उजैरला पेटीपासून चार हात लांब बसवलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता चतुराबाईनं त्यात बर्फ आणि कुल्फ्या रचल्या, वर गादीचं झाकण दाबलं आणि पेटी हातगाडीवर ठेवून एसटी स्टँडवर नेली. तिला एकच अट घातली होती. तीन वाजेपर्यंतचं गिऱ्हाईक जुन्या डब्यातून करायचं, पेटी पाचला उघडायची.

ते सहा तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ऊन असं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. नमाजहून आल्यावर मुबश्शिर दुकानात बसला, पण गिऱ्हाईकाला एक विचारलं की दुसरंच सांगत होता. तीनला चतुराबाईच्या जुन्या डब्यातल्या कुल्फीचं दूध झाल्याची बातमी आली. चारला सोमला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला.

"मुबश्शिरभाई, कुठी हाय लाकूड?"

"बस जरा. पाचले सांगतो."

पाचला सगळे स्टँडवर गेले. मी जाऊ शकलो नाही, पण उजैरनं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथेच होतो असं समजा. गाड्या लागल्या होत्या, गावोगावची मुलं पाणी शोधत फिरत होती. फरहीननं झाकण उचललं. आतून गार हवेचा लोट वर आला. चतुराबाईनं एक कुल्फी काढली, कांडी धरून पेटीच्या काठावर आपटली. टक् असा आवाज आला. तिनं ती चावायला घेतली आणि गाल धरला.

"दात दुखला माया," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मेहरुन, तुया पोरीनं दात दुखवला वो माया."

अर्ध्या तासात पेटी रिकामी झाली. पेटीतलं थेंबभर दूधही त्या दिवशी कुत्र्यांना मिळालं नाही.

मुबश्शिर दोन कुल्फ्या घेऊन घरी आला. एक त्यानं बदरूच्या हातात दिली आणि त्याच्याजवळ खाटेवर बसला. मग विचारलं, "अब्बा, अशा पेट्या अजून भरता येतीन का? स्टँडवर दोघं-तिघं विचारून राह्यले होते."

"पिंजनवाली येईन तं येतीन," बदरू फरहीनकडे बोट दाखवून म्हणाला.

दुसरी कुल्फी मुबश्शिरनं दारात नेऊन सोमलाला दिली. "घे भाऊ. आज एवढंच हाय."

सोमला कुल्फी खात खात रिकामी गाडी घेऊन गेला. कपाट आता समोरच्या भिंतीला लागलं आहे.

फरहीननं एआयला सांगितलं, "तू तीन तास म्हनला होता. सहा टिकली."

"मग माझा अंदाज चुकला," तो म्हणाला. "फरहीन, तुम्ही असं काय वेगळं केलं? मला सांगशील?"

आता ती चार पानं लिहायला बसली. एकही शब्द कोणाकडून मागितला नाही. हाताला शाई लागली, डिंक लागला, केसांत कापूस राहिला. वहीत डावीकडचा रकाना छोटा राहिला आणि उजवीकडचा भरून खालच्या पानावर गेला. शेवटी मदत करणाऱ्यांची नावं लिहिली. अम्मी, दादा, उजैर, चतुरामावशी, अब्बूचं प्लास्टिक, एआयभाई. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात, माझं नाव.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा एआय असेल. त्याला जरूर विचारा, चांगला आहे बिचारा, आणि चुकलं तर कबूल करतो. पण त्याच्याकडून आयतं घेऊ नका, त्याला तुम्हाला प्रश्न विचारू द्या. आणि त्याचं उत्तर ऐकलं की एकदा घरातल्या भिंतीकडे, माळ्याकडे, खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहा. त्याला जे माहीत नाही, ते तिथे असतं. त्याच्यावरची धूळ पुसा, त्याला हात लावा, चालवून पाहा. आम्ही मोडलेले नसतो, आम्हाला कोणी विचारत नाही एवढंच.

आणि उजैर, तुलाही सांगून ठेवतो. दप्तर आता दुसरीकडे अडकव. मला उद्या काम आहे.